भरावाची कड : उन्हाळ्यातली काही पाने

5 एप्रिल 2025, धाराशिव

काल नांदेडजवळ आलेगावच्या शिवारात मजूर घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या 7 बाया गेल्या. पेपर खाली ठेवला, तरी डोक्यातून जाईना. 20 ऑगस्ट 2021 ला बुलढाणा जिल्ह्यात दुसरबीडजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावरचा टिपर असाच उलटला होता. हौद्यात लोखंडी सळया आणि सळयांवर मजूर. त्यातले 13 जण गेले. सळई आणि माणूस एकाच हौद्यातून न्यायचे नाहीत, एवढं तरी त्यानंतर सगळीकडे पाळलं जाईल असं वाटलं होतं. अजूनही साइटवर संध्याकाळी टिपर परत निघाला की मागे माणसं चढतातच.

अशा बातम्यांत ‘चालकाचा ताबा सुटला’ हे वाक्य ठरलेलं असतं. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्याच्या यांत्रिकी विभागात गेली. मशीन पलटी होतं तेव्हा ताबा बहुतेक वेळा आधीच, दुसऱ्याच कुणाच्या तरी हातून सुटलेला असतो. रस्ता न आखणाऱ्याच्या. कडेला खुणेचे दगडसुद्धा न लावणाऱ्याच्या. अंधार पडला तरी ‘आणखी दोन खेपा होऊ दे’ म्हणणाऱ्याच्या.

13 एप्रिल, कळंब तालुका

पाझर तलावातून गाळ काढणं चालू आहे. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभे आहेत. गाळ रानात गेला की दोन-तीन वर्षं पीक हसतं, त्यामुळे कुणालाच थांबायचं नाही. पोकलेनवर वाशीकडचा पंचविशीतला पोरगा होता. तलावाचा तळ वरून भेगाळलेला, टणक दिसतो. हातभर खाली मात्र लोण्यासारखा ओला गाळ असतो. मशीनची एक चेन वरच्या पापुद्र्यावर आणि दुसरी त्या ओल्यात. बूम बाजूला लांब काढलेला, बकेट भरलेली. मी ओरडून बकेट खाली टेकवायला लावली. वीस टनांचं मशीन कलायला लागलं की बकेट जमिनीला टेकवणं हा पहिला उपाय. बूम हवेत राहिला तर तेच वजन त्याला पालथं करतं.

चहाला बसल्यावर विचारलं, पट्टा का लावत नाहीस? म्हणाला, “साहेब, पट्टा लावला की अडकून पडल्यागत व्हतंय. पलटी व्हायलंय म्हणल्यावर उडी कशी मारायची?”

हे मी किती जणांच्या तोंडून ऐकलंय! ही समजूत एवढी पक्की आहे की तिच्यामुळे दरवर्षी माणसं मरत असतील याबद्दल मला शंका नाही. त्याला जमिनीवर काडीने आकृती काढून दाखवलं. मशीन ज्या बाजूला कलतं, त्याच बाजूला आपलं अंग झुकतं. म्हणजे उडी नेमकी मशीन जिथे पडणार तिथेच पडते. माणूस केबिनच्या दारातून निम्मा बाहेर, आणि केबिनची कड त्याच्या अंगावर. उडी मारणाऱ्याला वाटतं आपण लवकर सुटलो, पण एकदा तोल गेला की मशीन त्याच्यापेक्षा लवकर जमिनीवर पोचतं. केबिन शाबूत असेल तर सुरक्षित जागा एकच, ती म्हणजे सीट. पट्टा आवळून, हातपाय आत घेऊन बसायचं. पोरगा बराच वेळ आकृतीकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, “अन् केबिन शाबूत नसंल तर?”

प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर त्याच्या हातात नाही, मालकाच्या हातात आहे.

30 एप्रिल, अक्षय तृतीया, तुळजापूर

देवीच्या दर्शनाला नवी वाहनं आलेली. झेंडूच्या माळा घातलेला एक कोरा करकरीत जेसीबीही होता. मालक कौतुकाने दाखवत होते. मी केबिनमध्ये डोकावलो. पट्ट्यावरचं प्लास्टिक अजून तसंच होतं. ते काढा आणि उद्यापासून वापरा, असं त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. देवो त्यांना ते लक्षात राहण्याची बुद्धी.

त्या केबिनच्या पत्र्यामागे जाड पोलादाची एक चौकट असते, तिला कारागीर ‘रोप्स’ म्हणतात. ती मशीन उलटू देत नाही असं नाही. मशीन उलटलं तरी ऑपरेटरभोवती जिवंत राहण्याएवढी जागा चेपू देत नाही. आयएसओ 3471 या मानकाप्रमाणे तिची दाब देऊन परीक्षा होते आणि तशी पट्टी केबिनवर लावलेली असते. स्वीडनने 1959 मध्ये नव्या ट्रॅक्टरवर अशी चौकट सक्तीची केली आणि तिथले उलटून होणारे मृत्यू पुढे झपाट्याने घटले. आपल्या ट्रॅक्टरवर अजून बहुधा कापडाची छत्री असते, तीही उन्हासाठी. बांधकामाच्या यंत्रांसाठी मात्र केंद्र सरकारने सुरक्षेचे नियम एप्रिल 2021 आणि एप्रिल 2024 अशा दोन टप्प्यांत आणले आहेत.

पण आपल्याकडे जुनी मशीनं हातोहात फिरतात. एकदा पलटी झालेलं मशीन गॅरेजला येतं, वाकलेली चौकट गॅसने तापवून सरळ करतात, वेल्डिंग मारतात, पिवळा रंग देतात. रंग ओला असेपर्यंतच काय तो फरक दिसतो. एकदा वाकलेली चौकट पुन्हा भार घेण्याच्या भरवशाची राहत नाही, ती बदलावीच लागते. दिवा लावायला, पंखा बसवायला तिला भोकं पाडणंसुद्धा चूक. काही ठिकाणी तर पाइप आणि पत्र्याचा मांडव उभा करून त्यालाच केबिन म्हणतात. त्यात पट्टा लावून बसवणं म्हणजे पोराला फसवणं.

1 मे, धाराशिव

कामगार दिन. बांधकाम कामगार मंडळात नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तासावर चालणाऱ्या मशीनचा ऑपरेटर आज भूमच्या शेततळ्यावर, उद्या परंड्याच्या विहिरीवर, परवा कुणाच्या प्लॉटवर. त्याला दाखला कोण देणार? बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर याच लोकांच्या नावाने गोळा होतो.

18 मे, तुळजापूर रस्ता

वळवाने यंदा मे महिनाच भिजवून टाकला. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वेमार्गाची कामं चालू आहेत. 84 किलोमीटरचा हा मार्ग, जानेवारी 2019 मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. आमच्या भागाने रेल्वेची वाट फार बघितली, भराव उंचावताना दिसला की मन भरून येतं.

आज दुसऱ्याच एका कामावर, गावरस्त्याच्या भरावावर, थांबलो. रोलर अगदी कडेला घासून चालला होता. भरावाची कड हीच सर्वांत कच्ची जागा असते, कारण तिला बाहेरून आधार नसतो. दबाई नीट व्हावी म्हणून रोलर कडेला न्यावा लागतो, आणि तिथेच तो जातो. यावर उपाय जुना आहे. भराव आखणीपेक्षा जरा रुंद टाकायचा, आतून बाहेर दाबत यायचं आणि जादाची सैल माती शेवटी छाटून काढायची. माकणीला निम्न तेरणाच्या बांधावर असंच काम चाले. छाटलेल्या मातीचे पैसे मिळत नाहीत म्हणून हल्ली ती टाकायलाच नको वाटते.

थोड्या वेळाने मुरमाचा टिपर आला. मुरूम ओला, हौद्याच्या एका कोपऱ्याला चिकटलेला. हौदा वर गेला, निम्मा माल खाली, निम्मा वरच. मागचं एक चाक खचू लागलं. ड्रायव्हरने झटका देऊन माल पाडायचा विचार केला असावा, पण मुकादमाने हात केला आणि हौदा खाली घ्यायला लावला. त्या मुकादमाशी मुद्दाम बोलून आलो. शाबासकी अशा माणसालाही मिळायला हवी. ज्या दिवशी काही घडत नाही, त्या दिवसाची बातमी होत नाही.

27 मे, धाराशिव

मान्सून काल मुंबईत पोचला, इतक्या लवकर. काळ्या रानात आता मशीन घालणं म्हणजे संकटाला बोलावणं. मालकांचे फोन मात्र चालूच, दोन दिवस उघडीप मिळाली तर अमुक विहीर उरकू. विहिरीच्या काठाशी ओल्या मातीत पोकलेन उभं करू नका, हे मी आज प्रत्येकाला सांगितलं. पाणी उतरून माती वाळू द्या. तुमचं भाडं बुडेल, माणूस तरी राहील.

ज्यांच्या दारात मशीन आहे, त्यांना माझी विनंती आहे. या पावसाळ्यात मशीन उभं आहे तोवर केबिनची चौकट तपासून घ्या, वाकलेली असेल तर बदला, तुटलेला पट्टा नवा बसवा. मिरवणुकीत फुलं उधळायला बकेटमध्ये माणसं उभी करू नका. आणि दिवाळीनंतर कामं सुरू होतील तेव्हा ऑपरेटरला पहिल्याच दिवशी, त्याच्या बायको-पोरांसमोर सांगा की कड कच्ची वाटली तर काम थांबव, त्या तासाचे पैसे मी देईन.