खिशातला साचा आणि ३६० अंश



चित्रकलेच्या वहीसोबत भाचीला पाठवलेला प्लास्टिकचा साचा खिशात मावण्याइतका लहान असला, तरी त्यातील त्रिकोण, चौरस, पंचकोन, षटकोन, अष्टकोन, दशकोन आणि द्वादशकोन या साऱ्या आकृत्यांची बाजू एकच, म्हणजे एक सेंटिमीटर, धरलेली आहे. बाजू समान असली की कोणतीही आकृती कोणत्याही आकृतीला कडेने कड लावून बसते, आणि नक्षी पुढे सरकेल की अडेल हे प्रथम कोनांवर ठरते.

या सर्व आकृत्या सुसम बहुभुज, म्हणजे सर्व बाजू व सर्व कोन समान असलेल्या, आहेत. ज्या बिंदूत त्यांचे कोपरे मिळतात त्याभोवतीच्या कोनांची बेरीज ३६० अंश भरावी लागते. म्हणून एकाच प्रकारच्या आकृतीने कागद भरायचा तर त्रिकोण (६० अंश), चौरस (९०) आणि षटकोन (१२०) हे तीनच चालतात, तर पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा असल्याने तीन पंचकोनांनंतर ३६ अंशांची फट उरते. आकृत्या मिसळून प्रत्येक बिंदूभोवतीची मांडणी मात्र सारखी राखली, तर आणखी आठ नक्षी मिळतात. योहानेस केप्लरने या नक्षींचा विचार १६१९ सालच्या ‘हार्मोनिकेस मुंदी’ या ग्रंथात केला, आणि ग्रहगतीचा तिसरा नियमही त्याच ग्रंथात यावा, हे त्याच्या दृष्टीचे मोठेपण मानले पाहिजे.

बेरीज जुळली म्हणजे नक्षी साधली, असे मात्र नाही. दोन पंचकोन आणि एक दशकोन यांचे कोन १०८, १०८ आणि १४४, म्हणजे बरोबर ३६०. बिंदूभोवती ते तिन्ही चोख बसतात. परंतु हीच मांडणी सर्वत्र हवी असेल, तर पंचकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यालगतच्या दोन बाजूंपैकी एकीला पंचकोन आणि दुसरीला दशकोन लागावा लागतो, म्हणजेच त्याच्या बाजूंभोवती हे दोन शेजारी आलटून पालटून यावे लागतात. आणि बाजू पाच, म्हणजे विषम असल्यामुळे ते अशक्य ठरते. हे कारण वाचण्यापेक्षा कागदावर अडून समजणे अधिक मोलाचे आहे, आणि साचा हाती देण्याचा मुख्य हेतूही तोच.

 

पेन्सिलीबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. ०.५ मिलिमीटर जाडीचे शिसे भोकाच्या कडेला टेकवले की रेषेचा मध्य पाव मिलिमीटर आत पडतो, त्यामुळे काढलेल्या त्रिकोणाची बाजू सुमारे ०.८७ मिलिमीटरने, चौरसाची ०.५ ने, तर षटकोनाची सुमारे ०.२९ ने घटते. साचा कापताना ही घट धरून भोके मोठी ठेवलेली नसतील, तर ज्या बाजू जुळायला हव्यात त्या जुळत नाहीत आणि चूक ओळीगणिक वाढत जाते. म्हणून त्रिकोण-षटकोनांच्या नक्षीसाठी आधी पट्टी व गुण्याने एक सेंटिमीटरची त्रिकोणी जाळी फिकट आखावी, आणि प्रत्येक आकृती शेजारच्या रेषेवरून न बसवता त्या जाळीवरून बसवावी. जाळीवर हात बसल्यानंतर द्वादशकोन, षटकोन आणि चौरस (१५०, १२०, ९०) यांची नक्षी घ्यावी.