ओझे आपले, खांदाही आपला

कॅमेऱ्याचे वेड गरिबाला परवडत नाही, असे आम्हाला घरातच अनेकदा ऐकवले गेले. तरीही आम्ही दोघा भावांनी रोजीतून पैसे बाजूला काढून एक जुना कॅमेरा आणि तीन पायांचा स्टँड, म्हणजे ट्रायपॉड, विकत घेतला. कारण साधे होते. १९५६ साली नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आमच्या चांद्यात धम्मदीक्षा दिली. त्या भूमीतील मुलांना भद्रावतीची विजासन लेणी माहीत नसावीत, हे आम्हाला खटकत होते. आपल्या भागातील स्थळांच्या छायाचित्रांचा एक फलक विहारात लावावा, असे आम्ही ठरवले.

विजासनचे मुख्य लेणे डोंगरात सरळ आत जाते. शेवटी तथागतांची मोठी बसलेली मूर्ती आहे आणि दोन्ही बाजूंना फुटणाऱ्या वाटांच्या टोकालाही मूर्ती आहेत. आत अंधार. अशा ठिकाणी कॅमेऱ्याचे झाकण दोन-दोन सेकंद उघडे ठेवावे लागते आणि तेवढा वेळ माणसाचा हात स्थिर राहत नाही. म्हणून स्टँड हवा. (पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत स्टँड लावायचा तर आधी परवानगी घ्यावी लागते, हे बांधवांनी ध्यानात ठेवावे.)

विजासन गावाला लागूनच आहे, त्यामुळे तिथे ओझ्याचा प्रश्न आला नाही. प्रश्न आला तो माणिकगडाला. गडचांदूरच्या पलीकडल्या डोंगररानातून आम्ही दिवसभर पायी हिंडलो. स्टँड दुकानातून आला तसाच त्याच्या पातळ पिशवीत घालून एका खांद्याला अडकवला होता. वजन दोन किलोसुद्धा नव्हते. पहिला तास मजेत गेला. दुसऱ्या तासाला पट्टा खांद्यात रुतू लागला. मग हातात घेतला, मग दुसऱ्या खांद्यावर टाकला. प्रत्येक पावलाला तो कमरेवर आपटत होता. त्याचे टोक कधी बांबूच्या फांदीत अडके, कधी घाणेरीच्या झुडपात. ते सोडवता सोडवता धाकट्याचा पाय घसरला आणि तो कोपरावर पडला. कॅमेरा वाचला, खांदा मात्र धरला.

दुसऱ्या दिवशी त्याचा हात वर होईना. तीन दिवसांची हजेरी बुडाली. घरात कोणी ओरडले नाही, पण आईने पिठाच्या डब्यात डोकावून पाहिले ते आम्ही दोघांनीही पाहिले. हौशी माणसाचा खांदा दुखला तर तो आराम करतो. रोजीवरच्या माणसाचा खांदा दुखला की चूल दुखते.

तेव्हा बाबांनी तो स्टँड पहिल्यांदा हातात घेतला. बाबांनी आयुष्यभर कोळसा खाणीच्या सर्व्हेत खलाशाचे काम केले. साहेबाचा थिओडोलाइट ज्यावर ठेवतात ती लाकडी तिपाई उन्हातान्हात वाहायची, हेच त्यांचे काम. आमच्या ॲल्युमिनियमच्या स्टँडच्या दुपटी-तिपटीने ती जड. स्टँड तोलून पाहत ते म्हणाले, “दोन किलोचं ओझं नाही मारत रे बापा, लोंबतं ओझं मारते.”

त्यांनी शिकवले ते आम्ही इथे सांगतो. छायाचित्रण न करणाऱ्यालाही ते कामी येईल.

ओझे पाठीला चिकटून हवे. पाठीपासून जितके दूर, तितके ते मागे ओढते आणि माणूस पुढे वाकून चालतो. म्हणून स्टँड खांद्याला न लटकवता दोन पट्ट्यांच्या पाठपिशवीला उभा बांधावा. पाय पिशवीच्या बाजूच्या खिशात, वर आणि मध्ये असे दोन ठिकाणी आवळून. एकाच जागी बांधला तर तो घड्याळाच्या लंबकासारखा हलतो. बांधायला सायकलची जुनी ट्यूब उत्तम. ती ताणून बसते आणि घसरत नाही. स्टँडचे टोक डोक्याच्या वर जाऊ देऊ नये, नाहीतर बांबूच्या रानात अडकायचेच. पायांवरही ट्यूबचीच पट्टी गुंडाळली की थंडीत धातू हाताला लागत नाही.

दुसरे, तोल. भामरागडच्या बाजूला, जिथे इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या मिळतात, तिथे आम्ही माडिया बांधवांना कावड नेताना पाहिले. दोन्ही टोकांना सारखे ओझे, पावलागणिक बांबू लवतो आणि न थांबता कावड या खांद्यावरून त्या खांद्यावर जाते. आम्हीही आता एका बाजूला स्टँड आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची बाटली ठेवतो. पाणी पिऊन संपले की पिशवीतले सामान थोडे तिकडे सरकवतो.

तिसरे, कमरेचा पट्टा. ओझे खांद्याने नव्हे, कमरेने वाहावे. पिशवीला पट्टा नसेल तर जुन्या साडीची घडी शिवून लावावी. आमच्या आईने तशी लावून दिली. मोळीखाली चुंबळ ठेवून मान ताठ चालणाऱ्या बाईला हे वेगळे शिकवावे लागले नाही. पट्टे किती आवळावेत? तथागतांनी सोण भिक्खूला वीणेच्या तारेची गोष्ट सांगितली होती. तार फार ताणू नये, फार सैलही सोडू नये. पिशवीच्या पट्ट्याचेही तसेच आहे.

आणि सर्वांत चांगले ओझे म्हणजे जे न्यावेच लागत नाही ते. जाड कापडाची एक रिकामी थैली शिवून आम्ही सोबत नेतो. धानाच्या मुलखात तांदूळ कोणत्याही गावी मिळतो. मुक्कामी थैलीत तांदूळ भरला की दगडावर कॅमेरा टेकवायला ती गादीसारखी बसते. काम झाले की त्याच तांदळाचा भात. बांबूच्या काठीच्या टोकाला पाव इंची बोल्ट बसवला तर त्यावरही कॅमेरा बसतो आणि चालायला काठीही होते.

हात मोकळे राहणे हे आमच्या जिल्ह्यांत केवळ सोयीचे नाही. मोहफुले आणि तेंदूपाने वेचताना वाकलेल्या माणसांवर वाघाने झडप घातल्याच्या बातम्या आपण वाचतोच. मान वर, नजर चौफेर, पहाटे आणि सांजेला रानात नाही, एकट्याने तर नाहीच, आणि वनखात्याच्या परवानगीवाचून नाही. गडचिरोलीच्या रानाने बंदुकीची दहशत अनेक वर्षे सोसली आहे. काळ्या पिशवीतली लांब वस्तू लांबून भलतीच दिसू शकते. म्हणून स्टँडवर आम्ही पिवळे फडके बांधतो आणि गावात शिरताना आधी पाटलाला भेटून तो उघडून दाखवतो.

एकदा एका ओळखीच्या माणसाने सुचवले, “कशाला स्वतः वाहता? गावातला एखादा पोरगा धरून न्यायचा, चहा पाजायचा.” बाबा ताडकन उठून बसले. साहेबाचे सामान या गावाहून त्या गावाला फुकट पोचवण्यात आपल्या किती पिढ्या गेल्या! वतनाच्या नावाखाली चालणाऱ्या त्या राबणुकीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात विधेयक मांडले. पुढे संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला मनाई केली. तीच वेठ आपल्या हौसेसाठी दुसऱ्याच्या पोरावर लादायची? सोबतीला माणूस घेतला तर पूर्ण रोजी द्यावी आणि त्याचे ओझे आपल्यापेक्षा जड नसावे. नाहीतर ओझे आपले, खांदाही आपला.

पुढे जानेवारीच्या अखेरीस आम्ही चिमूर तालुक्यात रामदेगीला, संघारामगिरीच्या धम्म समारंभाला गेलो. बाबाही सोबत होते. डोंगरवाटेने बायाबापड्या, लेकरे, पांढरी वस्त्रे. धाकट्याच्या पाठीवर स्टँड होता आणि वर पोचेपर्यंत तो आहे हे त्याच्या ध्यानातही राहिले नाही. वर आम्ही घरच्यांचे छायाचित्र काढायला स्टँड लावला. बाबा सवयीने मागे सरकले आणि तिपाईचा पाय धरून उभे राहिले. “तुम्ही काढा, मी धरतो,” म्हणाले.

तेव्हा आमच्या ध्यानात आले की बाबांचा कामावरचा एकही फोटो घरात नाही. त्यांनी वाहिलेल्या तिपाईवरून किती नकाशे निघाले असतील, त्यांवर सही साहेबाची. आम्ही त्यांचा हात सोडवला आणि सांगितले, “बाबा, हा धरावा लागत नाही. तुम्ही समोर या.”

दहा सेकंदांचा टायमर लावून आम्हीही धावत जाऊन उभे राहिलो. ते छायाचित्र आज विहारातल्या फलकावर विजासनच्या शेजारी आहे. मध्यभागी बाबा आहेत. काय करावे ते न सुचलेले त्यांचे दोन्ही हात मोकळे आहेत.

जयभीम.