पेनड्राइव्ह इथे, फाइल तिथे

आठवीतली ती मुलगी आली तेव्हा पेनड्राइव्ह तिनं मुठीत घट्ट धरला होता. आत कोलंबिया नदीतल्या सॅमन माशांवरचा तिचा प्रकल्प होता आणि शेवटच्या तासाला तो द्यायचा होता. डेस्कटॉपवर मात्र पेनड्राइव्हचा आयकॉनच येईना. आधीच्या तासाला कुणीतरी मोठ्या माणसानं तिला सांगितलं होतं, "खराब झालाय, फॉरमॅट कर." नशीब, तिनं ऐकलं नाही.

पोर्टलंडच्या एका शाळेची कॉम्प्युटर लॅब तेव्हा मी सांभाळत होतो. एकाही मशीनमध्ये हार्ड डिस्क नव्हती. सगळे थिन क्लायंट नेटवर्कवरून बूट व्हायचे आणि मुलांचं काम प्रत्यक्षात चालायचं ते पलीकडच्या बंद खोलीतल्या सर्व्हरवर. या मांडणीमागचा, मिशिगनच्या जिम मॅकक्विलन यांचा एलटीएसपी हा प्रकल्प १९९९ पासूनचा. पोर्टलंडच्याच एरिक हॅरिसन आणि पॉल नेल्सन यांनी त्यावरून शाळांसाठी के१२एलटीएसपी उभं केलं. भंगारात जाणारी मशीन त्यामुळे वर्गात कामाला आली, याचं मला आजही अप्रूप आहे.

गोम अशी की पेनड्राइव्ह लावायचा क्लायंटला आणि फाइल उघडायची सर्व्हरवर. मधला दुवा एलटीएसपीएफएस. क्लायंटवरची एक छोटी सेवा पेनड्राइव्ह वाचते आणि सर्व्हरवर फ्यूज या लिनक्समधल्या सोयीच्या मदतीनं तो त्या मुलाच्या फोल्डरमध्ये दिसतो. कॅनडातल्या स्कॉट बॅल्निव्हज यांनी हे लिहिताना मुलं न सांगता पेनड्राइव्ह उपटतात हे ध्यानात ठेवलं होतं. काही क्षण वापर थांबला की क्लायंट तो आपणहून अनमाउंट करतो. अशी काळजी कोडमध्ये दिसली की लिहिणाऱ्याबद्दल आदर वाटतो.

पाणी नेमकं कुठं मुरतंय हे बघायला मी घाईत डेस्कटॉपवरचं टर्मिनल उघडून डीमेसेज चालवलं. पेनड्राइव्हचा मागमूस नाही. असणार कुठून? ते टर्मिनल सर्व्हरचं. पेनड्राइव्ह मेला असं माणसं ठरवतात ते इथेच. मग क्लायंटचा स्वतःचा शेल उघडला. तिथं एसडीए, त्याखाली एसडीए१, फॅट३२, सगळं जागच्या जागी. सेवाही चालू. म्हणजे अडलं होतं सर्व्हरच्या दारात.

ग्रुप्स कमांड दिली. तिच्या नावापुढे फ्यूज हा गट नव्हता. सप्टेंबरमध्ये उघडलेल्या नव्या खात्यांना तो द्यायचा राहून गेला होता. युजरमॉडनं घातला. (त्यात 'ए' हा पर्याय विसरू नका, नाहीतर आधीचे जादा गट पुसले जातात.) तरी आयकॉन येईना. तिचा चेहरा उतरला. पण गट वाचले जातात ते लॉगिनच्या वेळी. "लॉगआऊट होऊन परत ये," म्हटलं. ती आली, पेनड्राइव्ह पुन्हा लावला आणि आयकॉन उमटला.

पुढे मोठ्या कार्डांबरोबर एक्सफॅट या फॉरमॅटचा घोळ आला. लिनक्स कर्नलमध्ये त्याची सोय झाली ती २०१९ च्या ५.४ आवृत्तीत. त्याच वर्षी एलटीएसपीही नव्यानं लिहिलं गेलं. आता प्रोग्रॅम क्लायंटवरच चालतात, त्यामुळे एलटीएसपीएफएसचा दुवा लागत नाही.

पण कुठल्या शाळेत जुनी मांडणी अजून चालू असेल आणि एखादं मूल पेनड्राइव्ह घेऊन तुमच्यापुढे उभं राहिलं, तर फॉरमॅटचं नाव काढण्याआधी क्लायंटचा शेल उघडून बघा. त्या मुलीचा प्रकल्प त्या दिवशी वेळेत पोचला.