तेल देण्याचा महिना

लाकडाचे घर बांधू पाहणारा माणूस प्रथम लाकडाच्या जातीचा विचार करतो, मग रंगाचा, आणि झालाच तर शेवटी हवेचा. वास्तविक हा क्रम उलटा असावयास हवा. दगड एकदा भिंतीत बसला की हवेशी त्याचा व्यवहार जवळजवळ संपतो. लाकडाचा तो कधीच संपत नाही. तोडलेले झाड आपल्या लेखी मेलेले असले तरी त्याचे लाकूड हवेतला ओलावा घेत राहते आणि परत करीत राहते; पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. तेही सर्व दिशांना सारखे नाही. तंतूंच्या लांबीत फरक पडतच नाही म्हटले तरी चालेल. तो पडतो आडवा, आणि त्यातही वर्षवलयांच्या कडेने पडणारा फरक गाभ्याकडून सालीकडे पडणाऱ्या फरकाच्या सुमारे दुप्पट असतो. पावसाळ्यात अडणारे दार ही या व्यवहाराची घरोघरी मिळणारी पावती होय.

या गोष्टींचा विचार करण्याची वेळ माझ्यावर वेलचेरीत आली. चेन्नईच्या दक्षिण भागातले वेलचेरी हे एके काळचे तळ्याकाठचे गाव. दंडीश्वराचे जुने देऊळ त्या गावाची साक्ष देत अजून उभे आहे. तळेही आहे, पण आकसलेले. पलीकडे पळ्ळिकरणैची दलदल पसरलेली आहे. २०२२ साली तिला रामसर पाणथळींच्या यादीत स्थान मिळाले. भोवतालच्या उंचवट्यांवरचे पाणी इकडेच येणार, हे जमिनीने फार पूर्वी ठरवून ठेवलेले आहे. त्याच्या वाटेत घरे आम्ही बांधली. २०१५ च्या डिसेंबरात ते पाणी आले तेव्हा आमचा तळमजला छातीइतक्या पाण्यात दोन दिवस उभा होता. त्यानंतर दोन वर्षांनी राजापूर तालुक्यातले माझे माहेरचे घर भावांनी सामोपचाराने उतरवले. माझ्या वाट्याला लाकूड आले, आणि लाकडाबरोबर आई आली.

नातेवाइकांचे मत पडले की लाकूड विकून टाकावे. जुन्या सागाला भाव चांगला येतो. आईचेही मत निराळे नव्हते, पण कारण निराळे होते. "अगो, माणूस नेतेस ते ठीक," ती म्हणाली, "लाकूड कशाला नेतेस? परक्या पाण्यात ते कुजेल." साठ वर्षे ज्या खांबाला टेकून तिने तांदूळ निवडले होते, तो खांब दूरदेशी कुजताना पाहण्यापेक्षा दुसऱ्याच्या घरात सुखाने राहिलेला तिला चालणार होता. मला मात्र पुराच्या पाण्याच्या वर तिची खोली हवी होती, आणि ती याच लाकडाची हवी होती. परवान्याचे सोपस्कार पुरे करून लाकूड वेलचेरीला आणले, तेव्हा आईचे म्हणणे खोटे पाडण्याची जबाबदारीही मी पत्करली होती.

आमच्या गल्लीतल्या वृद्ध सुताराला सगळे 'आसारी' म्हणत. तमिळमध्ये सुताराला आदराने असेच म्हणतात. त्याने लाकडाच्या राशीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला तो लाकडाविषयी नव्हता. "तुमच्या गावी पाऊस कुठल्या बाजूने येतो?" मी म्हटले, पश्चिमेकडून. त्याने आमच्या गच्चीच्या ईशान्य कोपऱ्याकडे बोट दाखवले.

या एका प्रश्नात दोन किनाऱ्यांचा सारा भेद आला. राजापुरात ज्येष्ठ ते भाद्रपद या काळात तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो आणि मग आठ महिने लाकडाला वाळावयास मिळतात. तिथल्या घराची पश्चिमेची पडवी खोल, पाखे उताराचे, आणि झड अडवायला नारळीच्या झापांचे आडोसे. चेन्नईचा वर्षाचा पाऊस सुमारे चौदाशे मिलिमीटर, म्हणजे निम्म्याहूनही कमी. पण त्यातला मोठा हिस्सा ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत ईशान्येच्या वाऱ्याबरोबर येतो, आणि कधी वादळाच्या एकाच रात्रीत येतो. एरवीही समुद्र पाच-सहा किलोमीटरांवर असल्याने हवा कधी पुरती कोरडी होत नाही. कोकणातले घर होते तसेच इथे उभे केले असते, तर त्याने आपली खोल पडवी उन्हाला दिली असती आणि उघडी कूस पावसाला.

आसारीने लाकूड लगेच वापरू दिले नाही. त्याने ते जमिनीपासून हातभर उंच, मध्ये पट्ट्या घालून, सावलीत रचले आणि एक पूर्ण पावसाळा व एक उन्हाळा तसेच ठेवले. लाकूड ज्या हवेत राहणार त्या हवेचा ओलावा त्याच्या अंगी बाणला, की मगच सांधे कापावयाचे. ओलाव्याचे प्रमाण शेकडा वीसच्या खाली राहिले तर बुरशी लाकडाला कुजवू शकत नाही; म्हणून लाकूड भिजण्यापेक्षा भिजलेले न वाळणे अधिक घातक. पुढचे सगळे निर्णय या एका सूत्रातून निघाले.

तळमजला विटांचा व काँक्रीटचाच राहिला. लाकूड वर, आणि तिथेही खांबांखाली ग्रॅनाइटच्या उथळ्या, कारण खांबाचा पाय हेच वाळवीचे दार. सागाचा गाभा वाळवी सहसा खात नाही, पण सालीलगतचा फिका भाग ती सोडत नाही. तो आसारीने तासून काढला. साग खांबांना आणि तुळ्यांना गेला, फणस आतल्या दारांना व फळ्यांना. ऐनाचे वासे वापरताना त्याने साधे लोखंडी खिळे नाकारले, कारण खारी हवा त्यांना गंजवते आणि ऐनाच्या अंगचा तुरटपणा त्यांच्याभोवती काळे डाग पाडतो. जिथे जमले तिथे लाकडी मेखा, उरलेल्या ठिकाणी पितळ. पाखे मात्र जस्ताच्या पट्ट्यांनी तुळ्यांना बांधून घेतले. १२ डिसेंबर २०१६ रोजी आलेल्या वरदा वादळाने शहरातली हजारो झाडे आडवी केली होती; कौलांच्या नुसत्या भारावर विसंबण्याचे धाडस कोणी करणार नव्हते.

खरा वाद झाला तो अखेरच्या हाताविषयी. एका तरुण वास्तुरचनाकाराने काचेसारखा चकचकीत लेप सुचवला. तो दिसावयास सुंदर होता. परंतु असा लेप लाकडाच्या वर कातडीसारखा बसतो, आणि आतले लाकूड फुगण्या-आक्रसण्याचे थांबत नाही. प्रखर उन्हात त्याला बारीक चिरा जातात, त्यांतून पाणी शिरते आणि बाहेर येण्याची वाट त्याला सापडत नाही. तेल आत मुरते. त्याचा थर नसल्याने तो सुटण्याचा प्रश्न नसतो. पण तेलाची अट अशी की ते दरवर्षी द्यावे लागते. आसारीने कढवलेले जवसाचे तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ केले, उन्हाकडच्या बाजूसाठी त्यात गेरू खलला, कारण रंगाचा कण ऊन स्वतःवर घेतो, आणि पातळ हात देऊन उरलेले तेल पुसून घेतले. दमट हवेत वर राहिलेल्या तेलावर बुरशी धरते. तेलाची फडकी तो गोळा करून कधी ठेवीत नसे. पसरून वाळवी, नाहीतर ती आपोआप पेट घेतात. तुळ्यांची भिंतीत जाणारी टोके काजूच्या टरफलांच्या तेलात बुडवली. ते तेल पण्रुटीहून आणले होते. काजू आणि फणस या दोहोंसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव. तंजावरच्या वीणेला लागणारे फणसाचे लाकूडही तिथूनच जाते, हे ऐकून आईने प्रथमच कुतूहलाने मान वर केली. ज्या फणसाची आम्ही दारे करतो, त्याची हे लोक वीणा करतात!

माजघरातल्या वाशांवर चुलीच्या धुराची काजळी चढलेली होती. ती खरवडावी असे आम्हा सर्वांना वाटत होते. आईने वाशावर हात ठेवून नकार दिला. तिचे मराठी आसारीला कळले नाही, पण त्याने नखाने काजळी खरडून पाहिली, वास घेतला आणि तमिळमध्ये तेच सांगितले: धूर खाल्लेल्या लाकडाला भुंगा लागत नाही. ते वासे तसेच चढले.

पुढे मी मुट्टुकाडूचे दक्षिणचित्र संग्रहालय लक्ष देऊन पाहिले. केरळातली लाकडी घरे आणि चेट्टिनाडची घरे सुटी करून तिथे पुन्हा उभी केलेली आहेत. चेट्टिनाडच्या वाड्यांतले सागाचे खांब तर मुळातच ब्रह्मदेशातून समुद्रमार्गे आलेले. रुक्ष, तापलेल्या त्या मुलखात ते टिकले, कारण घर मात्र त्या मुलखाचे होते: एकापुढे एक चौक आणि जाड चुन्याच्या भिंती. कन्याकुमारी जिल्ह्यातल्या पद्मनाभपुरमच्या लाकडी राजवाड्यात पाऊस मुबलक, म्हणून तिथे खाली उतरलेली छपरे आणि वारा खेळवणाऱ्या पट्ट्यांच्या खिडक्या. लाकूड परमुलखातून येऊ शकते. त्याला ठेवण्याची रीत मात्र जिथल्या तिथेच शिकावी लागते. तंजावरला साडेतीनशे वर्षांपूर्वी आलेल्या मराठी माणसांनीही, बहुधा, हेच केले असावे.

२०२३ च्या डिसेंबरात मिचौंग वादळात वेलचेरी पुन्हा पाण्यात गेली. तळमजला भिजला. आई वर होती, आणि ईशान्येची झडप रात्रभर वाजत होती. पाणी ओसरल्यावर आसारीने एकेक खांब बोटांनी ठोकून पाहिला. आईने त्याच्या मागोमाग तेच केले.

कोकणात घराला तेल देण्याचा महिना वैशाख. आईने इथेही पहिली काही वर्षे वैशाख आला की तेलाची आठवण केली, आणि आसारीने दर वेळी मान हलवली. इथल्या वैशाखात लाकूड इतके तापते की तेल मुरण्याआधीच वर आळते. तमिळ पुरट्टासी लागली की सलग चार कोरडे दिवस साधून ते द्यावयाचे, म्हणजे पाऊस येण्याआधी लाकूड ते पिऊन घेते. परवाच्या पितृपंधरवड्यात मी स्वयंपाकघरात होते. वरून आईची हाक आली, "अगो, पुरट्टासी लागली ना? तेल आणवलेस का?"