एकनिष्ठ घड्याळ

आमच्या पातूरच्या घरांत भिंतीवरचें घड्याळ सर्वांचें असे. त्यास किल्ली देण्याचा मान तेवढा वडील माणसाचा. वेळ पाहण्यास मात्र कोणालाच आडकाठी नव्हती. हल्लीं मनगटावर आलेलें स्मार्टवॉच या बाबतींत अगदीं निराळ्या स्वभावाचें आहे. तें बहुधा एका वेळीं एकाच मोबाइलचें होऊन राहतें. आमच्या काकू पुण्याहून परत आल्या, तेव्हां या एकनिष्ठेचा आम्हांस चांगलाच परिचय झाला.

काकू सहा महिने पुण्यास आपल्या चिरंजीवांकडे होत्या. तेथें एकदां घेरी येऊन पडल्या. मार फारसा लागला नाहीं. पण मुलानें धसका घेतला आणि दुसऱ्याच दिवशीं हें घड्याळ आणून त्यांच्या मनगटास बांधलें. जोडलें मात्र स्वतःच्या मोबाइलशीं. तेव्हांपासून काकूंच्या नाडीचे ठोके, पावलें आणि झोप यांचा सारा हिशेब मुलाच्या हातीं जमा होऊं लागला. पातुरास आल्यावर घड्याळ वेळ दाखवी, ठोकेही मोजी. परंतु मोजलेलें सांगण्यास त्याला जवळ कोणी उरलें नाहीं, कारण त्याच्या ब्ल्यूटूथची धांव घरांतल्या घरांत, फार तर अंगणापर्यंत. तेव्हां तें काकूंच्या स्वतःच्या मोबाइलशीं जोडावें असें ठरलें, आणि तेथेंच गाडें अडलें. मोबाइलच्या यादींत घड्याळाचें नांव दिसे. बोट लावावें तों नकार! मोबाइल बंद करून पुन्हां सुरू केला, घड्याळ रात्रभर चार्जिंगला लावलें. थोरल्या वहिनींनीं तर दोन्ही वस्तू देवघरापुढें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्या.

वस्तुतः यांत बिघाड कांहींच नव्हता. ब्ल्यूटूथनें दोन वस्तू प्रथम जोडल्या जातात तेव्हां दोघींत एक गुप्त किल्ली ठरते आणि ती दोन्हीकडे जपून ठेवली जाते. पुढें गांठ पडतांच त्या किल्लीवरून ओळख पटते. एकीनें ती टाकून दिली आणि दुसरीनें तशीच ठेवली, तर बोलणें खुंटलेंच. शिवाय घड्याळ कोणाच्या खात्यावर आहे, याची नोंद पुष्कळ ॲप ठेवतात. चोरीस गेलेलें घड्याळ चोराच्या उपयोगीं पडूं नये, हा त्यांतला हेतु.

गंमत अशी, कीं ज्याच्या नांवानें ही बिनतारी विद्या ओळखली जाते, तो हॅराल्ड ब्ल्यूटूथ हा दहाव्या शतकांतील डेन्मार्कचा राजा लोकांस एकत्र आणण्याबद्दल प्रसिद्ध होता. म्हणूनच १९९७ च्या सुमारास इंटेल कंपनींतील जिम कार्डाख यांनीं हें नांव सुचविलें. तें तात्पुरतें म्हणून घेतलेलें, पण तेंच कायम झालें. निशाणींतही त्या राजाच्या आद्याक्षरांचीं जुनीं रून अक्षरें गुंफलेलीं आहेत. अशा राजाच्या नांवाचें कंकण बांधून हें घड्याळ घरांतल्या दुसऱ्या कोणास ओळख देईना!

यावर उपाय आहे, पण तो क्रमानेंच केला पाहिजे. आधीं जुन्या मोबाइलवरील ॲपमधून घड्याळ काढून टाकावयाचें. मग त्याच मोबाइलच्या ब्ल्यूटूथच्या यादींतूनही तें पुसावयाचें. त्यानंतर घड्याळाच्या स्वतःच्या सेटिंगमध्यें जाऊन तें मूळ स्थितीस न्यावयाचें, म्हणजे त्याच्याही स्मरणांतून जुनी गांठ जाते. मात्र त्यांत सांठलेला हिशेबही त्याबरोबर जातो. नवी जोडणी मोबाइलच्या यादींतून न करतां ॲप उघडून त्यांतूनच करावी.

काकूंचा मोबाइल जुना, अँड्रॉइड १० चा. ॲपनें ठिकाणाची परवानगी मागितली तेव्हां काकू म्हणाल्या, “नाडी मोजायला याला आमचं घर काहून पाहिजे?” प्रश्न रास्त होता. आसपासच्या बिनतारी वस्तू हुडकल्या, तर त्यांवरून माणूस कोठें आहे याचा अदमास लागूं शकतो. म्हणून अँड्रॉइड ६ पासून ११ पर्यंत अशा शोधास ठिकाणाची परवानगी लागते. २०२१ सालीं आलेल्या अँड्रॉइड १२ पासून त्यासाठीं जवळच्या उपकरणांची निराळी परवानगी करण्यांत आली.

खरी अडचण पुढेंच होती. पुण्याचे चिरंजीव फोनवर म्हणाले, “मी इकडून काढतो, पण ॲपमध्यें खातं माझंच राहूं द्या, म्हणजे आईचं सगळं मला दिसत राहील.” थोरल्या भावांना हें पटलें. मुलाची काळजी खोटी नव्हती, आणि पडणें ही थट्टेची गोष्ट नव्हे. काकू मात्र बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “पुण्याला रोज सकाळीं तो मला सांगायचा, आई, तूं रात्रीं तीनदां उठलीस. उठलें होतें, मला ठाऊक होतं. ह्यांची आठवण आली कीं झोप लागत नाहीं. तें मुलाला घड्याळानं का सांगावं?”

यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. आमचें मत काकूंच्या बाजूस पडलें. मनगटावरचें असलें घड्याळ म्हणजे वैद्याचें यंत्र नव्हे. पट्टा सैल झाला कीं त्याचे आंकडे भलतेच होतात. घेरीसाठीं अकोल्यास डॉक्टरांकडून रक्तदाब तपासून घ्यावयाचा तो घ्यावाच. रात्रीं पाण्यास उठल्या तर हांकेच्या अंतरावर घरांत माणसें आहेत. त्यासाठीं त्यांच्या झोपेची वही पुण्यास उघडी राहण्याचें कारण आम्हांस दिसेना. भावांनीं थोडी कुरकुर केली, पण शेवटीं खातें काकूंच्याच नांवें उघडलें. चिरंजीवांनीं त्याच संध्याकाळीं आपल्याकडील गांठ सोडली आणि दहा मिनिटांत घड्याळ काकूंच्या मोबाइलशीं जोडलें गेलें.

आतां सकाळीं पुण्याहून फोन येतो. “आई, झोप कशी झाली?” असें तो विचारतो, आणि काकू सांगावयाचें तेवढें सांगतात. परवां शुक्रवारीं वहिनींच्या सोबतीनें त्या टेकडीवरच्या रेणुकामातेला जाऊन आल्या, तेव्हां पावलांचा आंकडा त्यांनीं आपण होऊन त्याला कळविला.