नोंदवहीबाहेरची पुस्तके

खेड्यातल्या शाळेला पुस्तके द्यावयाची म्हटले की आम्हां शहरवासीयांच्या औदार्याला भरते येते. गेल्या श्रावणात मी आमच्या कॉलनीत तशी हाक दिली, आणि तीन दिवसांत सात पोती भरली. सोडून पाहतो तो दहावीची जुनी गाइडे, मधुमेहावरच्या उपचारांची पुस्तके, शिळी पंचांगे आणि कुणा दिवंगत वकिलांची आयकरविषयक समग्र ग्रंथसंपदा! मुलांच्या हाती द्यावीत अशी निघाली एकोणतीस. घरातली मुले परदेशी गेली तरी त्यांचा फास्टर फेणे कुणाच्याने देववत नाही, हे मी समजू शकतो. माझाही संच माझ्याच कपाटात आहे.

ती एकोणतीस घेऊन बीड जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत गेलो. तिथे लोखंडी कपाट होते, कपाटात पुस्तके होती, कोरी करकरीत. आणि कपाटाला कुलूप होते. प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे, त्यात गोष्टींची पुस्तकेही हवीत, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. कायदा पाळला गेला होता. गुरुजी मोठे सरळ माणूस. म्हणाले, "सर, हरवलं तर भरून कोण देणार? तपासणीला आकडा जुळावा लागतो." मला त्यांचा राग येईना. ज्याच्या पगारावर बेतते, त्याने पुस्तक जपावे की मूल?

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची आठवण झाली. १९१० साली त्यांनी बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणून राज्यात ग्रंथालये उभारायला घेतली, आणि खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. फिरत्या पेटीचा हा मोठा गुण : तिच्यावर कुणाला ठाण मांडून बसता येत नाही.

मी म्हटले, "गुरुजी, ही नोंदवूच नका. माझी म्हणून राहू द्या." पत्र्याची एक पेटी आली, बिनकुलपाची. कारभार चौथीतल्या एका मुलीकडे गेला. तिने शंभर पानी वही आखली.

डिसेंबरात पुन्हा गेलो, तर निम्मा वर्ग रिकामा. दिवाळीच्या सुमारास आईबापे कोयते घेऊन उसाला जातात. ज्यांच्या घरी म्हातारे माणूस नाही, ती मुलेही मागोमाग जातात. पेटीतली अकरा पुस्तके त्यांच्याबरोबर गेली होती. वहीत अकरा नावांपुढे तिने एकच शब्द लिहिला होता, 'उसाला'. गुरुजी माझ्या तोंडाकडे पाहत होते. ती मात्र शांतपणे म्हणाली, "कारखाना सुटला की येतेल."

एप्रिलमध्ये नऊ आली. एकाचा कणा आईने दाभणाने सुतळी ओवून शिवला होता. दुसऱ्यात खुणेसाठी उसाचे पाचट घातलेले, तेही शेवटून तिसऱ्या पानावर. दोन मुले अजून आली नव्हती. त्यांच्या नावांवर तिने काट मारली नव्हती. पुढची ओळ मोकळी ठेवली होती.