पितळेची कानातली

शनिवारी अर्ध्या मिलिमीटरच्या पितळी पत्र्यातून आईसाठी पिंपळपानं कापायला बसलो. करवतीची तीन पाती तुटली. हापिसात चुकलं की अनडू करता येतं, इथे पत्राच वाया! शिवाय पितळ ठोकून ठोकून कडक होतं, आणखी ठोकलं की तडकतं. मग मंद लाल होईपर्यंत तापवून परत मऊ करायचं. शेवटी चिंचेने घासून लखलखीत केली. आकडे मात्र चांदीचे, कारण पितळेतल्या तांब्याने कातडी हिरवी पडते.

माझ्या इंजिनियरिंगच्या फीसाठी आईने सोन्याचे झुबे मोडले होते. ही कानातली घालून आरशात बघत म्हणाली, "बरंय, ही मोडून काही पैसे येणार नाहीत. घालायला तरी मिळतील."

असो. पुढच्या रविवारी बांगडी.